उरलेली अर्धी

पिंपळनेरच्या लोटनला दोघांनी धरून वजनकाट्यावर बसवलं. डॉक्टरांनी काटा पाहिला, हातातला कागद पाहिला, पुन्हा काटा पाहिला. लकवा मारून डावं अंग गेलं त्याला बारा दिवस झाले होते, आणि धुळ्याच्या या दवाखान्यात तेवढ्याच दिवसांत माणूस नऊ पौंड उतरला होता.

"जेवतात ना नीट?"

नर्सबाईंनी सांगितलं, ताट रोज रिकामं होतं. उशाशी उभ्या मंजुळाबाईनं मान हलवली. ताट तीच धूत होती.

डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद असली तर याच आठवड्यात पायावर उभं करून बघता येईल. आणखी वाळले तर घरी न्या आणि खाटेवरच सांभाळा, जन्मभर. आजचं जेवण माझ्यासमोर द्या.

दवाखान्यामागच्या अंगणातल्या चुलीपाशी मंजुळाबाई भाकर थापायला बसली, पण आज ती हाताखाली सारखी चिरत होती. ताट रिकामं कोण करतं, ते तिलाच ठाऊक होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. नवऱ्याच्या मागून त्याच्याच ताटात ती जेवत आली. पण लोटन ताट पुसून उठणारा, तिला कोरडं ताट मिळायचं. इथं आल्यापासून मात्र तो दर जेवणाला अर्धी भाकर ठेवायचा. विळीनं कापल्यासारखी अर्धी. शेजारच्या खाटेपाशी बसणारी कुंदाबाई हसली होती, "लकवा उना नि माया बी उनी व अक्का." लकव्यासोबत नवऱ्याला मायाही आली, हे ऐकून मंजुळाबाई लाजली होती, आणि ती अर्धी भाकर तिनं तुकडा तुकडा करून, पुरवून पुरवून खाल्ली होती. एकदा तर तिला हा दवाखाना बरा वाटून गेला होता.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. लोटन जेवायला लागला. उजवीकडची भाकर संपली, त्या बाजूची भाजी संपली, आणि हात थांबला. बोटं चाटून तो "झालं" म्हणाला.

मंजुळाबाईला राहवलं नाही. "उरेल भाकर मीच खादी, साहेब. रोज."

डॉक्टरांनी वाकून ताट धरलं आणि जागच्या जागी फिरवलं. उरलेली अर्धी लोटनच्या उजव्या हाताला आली. तो दचकला. मग त्यानं ती अशी खाल्ली, की कुंदाबाईनं तोंड दुसरीकडं केलं.

डॉक्टरांनी मंजुळाबाईला समजावलं. यांचे डोळे ठीक आहेत, पण डावीकडचं यांच्या मेंदूला कळत नाही. भाकर असो, भिंत असो, माणूस असो. ताट फिरवत जा. तुम्ही डावीकडं बसा, डावीकडून बोला, म्हणजे हळूहळू मान वळेल. मग ते लोटनला म्हणाले, "आबा, बारा दिवस अर्धपोटी राहिलात. ताटात अर्धीच दिसत होती, तर मागायची नाही का आणखी?"

लोटननं ताटातला शेवटचा कण बोटानं टिपला.

"माले वाटनं, अर्धी तिनी सोतासाठे ठेवी व्हई. तिले बी पोट शे ना."

मंजुळाबाई खाटेला वळसा घालून डावीकडं गेली, आणि तिथं, त्याला दिसणार नाही अशी, बसली.