जावांचं पहिल्यांदाच जमलं

गजराबाई एका मतानं सरपंच झाली आणि तहसील कचेरीच्या दारातच हलगी कडाडली. गुलालानं माखलेल्या तोंडात दात तेवढे पांढरे उरले होते. हरली होती तिची सख्खी धाकटी जाऊ, पारू. अर्ज भरल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं.

चॅनेलवाल्यानं मोबाइल आधी पारूपुढं धरला. "एक मत कुठं कमी पडलं?"

"माझंच. मी आक्काला दिलं," पारू म्हणाली. "आपल्याच हातानं आपल्या ताटात वाढून घ्यायची आमच्याकडं रीत नाही."

नाचता नाचता गजराबाईचा पाय अडखळला. तिनं तर बोट दुखेस्तोवर स्वतःचंच बटण दाबलं होतं.

"आणि सरपंचबाई, तुम्ही कुणाला दिलंत?"

सारं गाव मोबाइलवर बघत होतं. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि मान खाली घालणं तर त्याहून नव्हतं.

"मलाच," ती ठसक्यात म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून आम्हा जावांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर जमलं, ते दाखव गावाला."

पारूला हसू आवरेना. तिनं थोरलीच्या गालावरचा गुलाल आपल्या कपाळाला फासला आणि पदर खोचून हलगीपुढं उतरली.