मिस ओपलची ओसरी

मिस ओपल टॅकेट निर्दोष सुटल्या. हे वाक्य वाचकांनी वाचलंच नाही असं समजावं. अजून सकाळचे अकरा वाजताहेत, ज्यूरीची बस नुकती त्यांच्या अंगणात लागली आहे आणि निकाल अजून कुणाच्या स्वप्नातही नाही.

भानगड एवढीच, की भर दुपारी पहार घेऊन दार फोडायला ओसरीवर चढलेल्या माणसाचा जबडा मिस ओपलनी बिडाच्या तव्याने मोडला. घरात मोडला असेल तर कायदा त्यांच्या बाजूने. बाहेर मोडला असेल, तर त्यांनी आधी मागच्या बाजूने पळून जायला हवं होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांसकट. न पळण्याची शिक्षा आठ वर्षं. ओसरी घरात धरायची की बाहेर, ते आता ज्यूरीचे बारा जण ठरवणार होते.

सरकारी वकील प्रुइट यांनी कालच कोर्टात विचारलं होतं, "भिंती नाहीत, तर हे घर कसं, मॅडम?"

"चर्चला चार भिंती आहेत, लेकरा. दर रविवारी मी तिथं झोपतेसुद्धा. म्हणून ते माझं घर झालं का?"

तेव्हापासून मिस ओपलना त्यांच्याच वकिलाने तोंड उघडायला बंदी केली होती. ज्यूरीनेही आज फक्त बघायचं होतं, बोलायचं नव्हतं.

ज्यूरीतली पहिली बाई ओसरीच्या पायऱ्या चढली. वर पायपुसणं होतं. पाऊस नव्हता, चिखल नव्हता. तिने बूट पुसले. तिच्या मागच्या ट्रकवाल्याने पुसले, वर टोपीही काढली. मग तिसरा, चौथी. सातवा तसाच पुढे गेला, थबकला, परत येऊन पुसून गेला. एरवी येणाऱ्याजाणाऱ्यावर पायांवरून खेकसणाऱ्या मिस ओपल अंगणात श्वास रोखून उभ्या होत्या. इतकी शांतता त्यांनी चर्चमध्येही ऐकली नव्हती. जागेपणी तरी नाही. न्यायाधीशबाईंनी काळा झगा उचलून दोन्ही टाचा घासल्या.

शेवटी प्रुइट. जागा रस्त्यासारखीच उघडी आहे, हे दाखवायला हात पसरत ते चढले. उजवा बूट पुसला, डावा पुसला, आणि खाली पाहिलं.

मग ते कोर्टाचं सगळं टिपून घेणाऱ्या लघुलेखिकेकडे वळले.

"सरकारपक्षाची नम्र विनंती आहे की, निकाल लागेपर्यंत ज्यूरीच्या सर्व सदस्यांनी, तसेच प्रस्तुत वकिलानेही, आपापल्या आईने लावलेलं वळण विसरावं, असा आदेश माननीय न्यायालयाने द्यावा."