एकहाती गाडी

"तू चालवायचीस, हे बोलायचं नाही," साहेबांनी बायकोला पुन्हा बजावलं. "विचारलंच तर सरळ सांगायचं, मला गाडी येत नाही."

"खोटं कशाला?" ती ट्रेमध्ये कप मांडत म्हणाली.

"खोटं कसलं? तुला येत होती कुठे?"

साहेब आपल्याच विनोदावर मनापासून हसले. ती हसली नाही. हिला विनोद कळत नाहीत, हे साहेबांचं लग्नापासूनचं मत होतं.

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले तरी गल्लीत ते साहेबच राहिले होते. आता घर विकून लेकीकडे राहायला जायचं ठरलं होतं. घराला गिऱ्हाईक मिळालं, कपाटं-पलंग गेले. घोडं अडलं होतं ते मागच्या शेडमधल्या गाडीपाशी. फिकट निळी, गोल दिव्यांची, कंपनीने कधीच बनवायची थांबवलेली गाडी. किती वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. भंगारवाला ती वजनावर मागत होता आणि साहेबांचा जीव तीळतीळ तुटत होता.

अशात जाहिरात वाचून एका शौकिनाचा फोन आला. अशाच जुन्या गाड्या जमवायचा त्याला नाद होता. भाव चांगला देईन म्हणाला, पण गाडी एकहाती हवी. पहिल्यापासून मालकानेच चालवलेली, दुसऱ्या कुणाचा हात न लागलेली. साहेब हो म्हणून मोकळे झाले. डाव्या दिव्याभोवतीची रिंग गेली आहे, हे त्यांनी जरा चाचरतच सांगितलं. तर तो म्हणाला, ते माझ्यावर सोडा.

खरी गोष्ट निराळी होती. साहेबांना ऑफिसची जीप असायची. ही गाडी फिरायची ती रविवारी. साहेब जेवून आडवे झाले की बायको ती काढायची आणि शहराबाहेर आजारी आईला भेटून यायची. लायसन्स तिच्याकडे नव्हतं. साहेबांनीच काढू दिलं नव्हतं. परीक्षेत नापास होऊन माझं नाक कापशील, म्हणायचे.

मग एका रविवारी ती रिंग घालवून आली. फाटकाच्या खांबाला घासली, एवढंच बोलली, चावी त्यांच्या उशाशी ठेवली आणि पुन्हा कधी मागितली नाही. साहेबांनी खांब बघितलाही नाही. बायकांना गाडी जमत नाही हे आपलं म्हणणं खरं ठरलं, यातच ते खूश होते. बिनलायसन्सची भानगड नको म्हणून बाहेर मात्र अवाक्षर काढलं नाही. घरात तेवढी संधी मिळेल तेव्हा कोपरखळी मारत राहिले.

शौकीन वेळेवर आला. हळू आवाजात बोलणारा, वाळका माणूस. सोबत मेकॅनिक होता. त्याच्या पँटला कडक इस्त्री होती आणि नखं स्वच्छ. हल्ली मेकॅनिकसुद्धा नटून फिरतात, असं साहेबांच्या मनात आलं.

ताडपत्री ओढली तशी धूळ उडाली. साहेबांना धाकधूक होती ती इंजिनाची, कारण ते गंजून पार बसलं होतं. पण दोघांपैकी कुणी बॉनेट उघडायला सांगितलंच नाही. शौकीन डाव्या दिव्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि रिकाम्या कडेवरून बोट फिरवत राहिला. गिऱ्हाईक अगदीच हौशी दिसतंय, म्हणून साहेब मनातून हुरळले.

"आम्ही गाडीबरोबर तिची हकिगतही जपतो," शौकीन उठून म्हणाला. "मालकाच्याच तोंडून. चालेल ना?" त्याने मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून तो टपावर ठेवला.

साहेबांनी घसा खाकरला. गाडी कधी घेतली, कशी घेतली, सगळं रंगवून सांगितलं.

"दुसऱ्या कुणी कधीच चालवली नाही?"

"चावी माझ्या उशाखाली असायची. दुसऱ्याला हात लावू दिला नाही."

"घरातही?"

"घरात येतंय कुणाला?"

"आणि ही रिंग?"

साहेब क्षणभर अडखळले. पण एकहाती म्हटल्यावर धडकही एकाच हातची हवी. "माझ्याच हातून गेली. रविवार होता, दुपारची वेळ. फाटकाला ठोकली. मनच उडालं, दुसऱ्या दिवशी ताडपत्री घातली."

"कुठलं वर्ष?"

"लेक बारावीला होती ते," साहेब म्हणाले, आणि वर्ष मोजूनही सांगितलं.

मेकॅनिकने मान हलवली. बायको चहा घेऊन आली ती याच वेळी. शौकिनाने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. जरा वाकलेली, पण तीच रिंग. त्याने ती दिव्यावर धरली. तिच्या कडेला चिकटलेला निळ्या रंगाचा टवकाही गाडीच्या खरवडलेल्या जागेशी तंतोतंत जुळला.

"वा, ही कुठे मिळाली तुम्हाला?" साहेबांना आनंद लपवता आला नाही.

"माझ्या मुलीच्या सायकलीत अडकली होती," शौकीन म्हणाला. "दुसरीत होती ती. ठोकणारा थांबला नाही. तेव्हापासून अशी निळी गाडी विकायला निघाली की मी बघायला जातो."

मेकॅनिकने खिशातून पोलिसाचं ओळखपत्र काढून साहेबांसमोर धरलं. मग टपावरचा मोबाइल बंद करून खिशात टाकला.

त्या दुपारी साहेब झोपलेले होते. उशाशी ठेवलेली चावी त्यांना आठवली, आणि न बघितलेला खांब. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"अगं, सांग ना यांना. त्या दिवशी गाडी कुणी नेली होती ते सांग."

तिने ट्रे बॉनेटवर ठेवला. एकही कप वाजला नाही. शौकिनाच्या हातातल्या रिंगकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

"मला गाडी येत नाही," ती म्हणाली.