टीनीला जागा नाही

"परत चुकलं," ती म्हणाली.

"मी नाही, यंत्र चुकलं." नील ड्वायरने सरावाचं यंत्र पुढे ढकललं. "वीस आणि तीन अष्टमांश! उभा जन्म असेच भाव ओरडत आलोय मी."

"आता वीस डॉलर अडतीस सेंट म्हणायचं."

सोमवारपासून न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातले अपूर्णांक जाणार, सगळे भाव दशांशात येणार, हे नीलच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. चाचणीत नापास होईल त्याचा बिल्ला काढून घेणार, हेही. आकडे तेवढे बसत नव्हते. त्याची बोटं सारखी जाकिटावरच्या बिल्ल्याकडे जात. तो काढून घेतला, तर आपण कोण उरणार, ही त्याची खरी भीती होती.

"आणि टीनी कुठाय?" त्याने विचारलं.

"टीनी?"

"सोळावा हिस्सा गं! एका डॉलरचा. बाजाराच्या फ्लोअरवर आम्ही टीनीच म्हणतो त्याला. एवढीशी असते म्हणून." त्याने चिमूट दाखवली. "या डबड्यात ती दिसत नाही."

"टीनी नाही राहिली. सव्वासहा सेंट होतात तिचे. वरचा पाव सेंट सोडून द्यायचा."

"सोडून द्यायचा! तुम्हा संगणकवाल्यांच्या काळजाच्या जागी काय बसवलंय गं?"

ती हसली. कॉफीचा कप तिने त्याच्या हाताजवळ सरकवला. "प्या, गार होतेय. मग सव्वावीस दाबा."

"हुकूम सोडतेस, पोरी?"

"पोरी काय म्हणता? केस पिकले माझे."

"यंत्रापुढे बसून पिकणारच. अपूर्णांक तरी येतात का तुला? की शाळेत नुसतीच बाकं झिजवलीस?"

"बाबांनी शिकवले. सफरचंदाचा केक कापून. आधी अर्धा, मग पाव, मग आठवा."

"शहाणा माणूस."

"फार."

"गेले?"

"नाही," ती म्हणाली. "आहेत."

नीलने चष्मा पुसला आणि कधी नव्हे ते मुकाट्याने दाबलं. वीस, टिंब, पंचवीस. यंत्रावर हिरवा दिवा लागला. मग साडेवीस. हिरवा. पावणेएकवीस. हिरवा. म्हातारा परीक्षेत पहिला आल्यासारखा फुलला. तिला मात्र रडू येत होतं. वायर गुंडाळायच्या निमित्ताने तिने मान खाली घातली.

"झालात की पास!"

"मग? मला काय कच्चा समजलीस?" त्याने बिल्ला सरळ केला. "सोमवारी बघ, सगळ्यांच्या आधी फ्लोअरवर उभा असेन."

"असालच."

"ऐक, माझं एक काम कर." त्याचा आवाज एकदम उतरला. "वर साहेबांना सांग, बाकी काय हवं ते घेऊन जा म्हणावं. टीनीला तेवढं घालवू नका. घेताना-विकताना टीनी टीनी करूनच मी घर चालवलं. फार जीव आहे माझा तिच्यावर."

तिने त्याच्या निळ्या जाकिटाचं सुटलेलं बटण लावलं, कॉलर नीट केली.

"सांगशील ना?"

"सांगते."

"नाव काय म्हणालीस तुझं?"

"पुढच्या वेळी सांगेन, मिस्टर ड्वायर."

"सगळे संगणकवाले असलेच," तो पुटपुटला आणि खिडकीकडे वळला.

तिने दार हळूच ओढून घेतलं. बाहेर औषधांची गाडी ढकलत नर्स मारिसेल येत होती.

"अजून सोमवारच यायचाय का त्यांचा?"

"सोमवारच."

मारिसेलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आज तरी बाबांनी नाव घेतलं का गं तुझं?"

"घेतलं की," टीनी म्हणाली. "सारखं घेत होते."