खिडकीखालचा डाग

"नुसता चुना फासून डाग जात नाय, माई. पाणी येतंय कुठून ते आधी बघायला हवं," रंगारी कुशाबा शिडीवरून म्हणाला.

दुर्गाबाई कमरेवर हात ठेवून अंगणात उभ्या होत्या. मुलगा अच्युत शेजारी. गिरगावातल्या त्यांच्या घराला माडीच्या खिडकीखाली दर पावसाळ्यात काळा ओघळ येई. भिंत ओलावे आणि एकट्या दुर्गाबाई दिवाळीपर्यंत खोकत.

"यंदा डाग परत आला, तर तू शीवला आमच्याकडे," अच्युत म्हणाला.

"आणि नाही आला, तर पुन्हा विषय नको. मी हलणार नाही, हे साऱ्या वाडीला सांगून बसलेय."

"तुझी सून काय म्हणते ठाऊक आहे? मुंबईसह महाराष्ट्र होईल तेव्हा होवो, आईसह शीव आधी झालंच पाहिजे!"

दुर्गाबाईंनी तोंडाला पदर लावला.

माईंचं घर सुटतं की राहतं, ते आता आपल्या हातात, हे कुशाबानं ओळखलं. त्यानं शेवाळ तारेच्या ब्रशानं खरवडलं, ते पुन्हा धरू नये म्हणून मोरचुदाच्या पाण्यानं भिंत धुतली, दोन दिवस उन्हं खाऊ दिली. खिडकीखाली पुढे आलेल्या पट्टीला खालून खाच पाडली, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता तिथूनच खाली टपकावं. मग तुरटी घातलेल्या चुन्याचे तीन हात दिले.

"टिकेल का रे?" दुर्गाबाई रोज विचारत.

"टिकल म्हणजे? लालबागचा कुशाबा हाय मी!"

"पण इतकं कशाला खपतोस मेल्या?"

"तुमच्यासाठी, माई."

दुर्गाबाईंनी त्याच्या पुढ्यात चहा ठेवला.

पावसाळा गेला, भाद्रपद सरला. अच्युत भिंत बघायला यायचा होता, त्या रविवारी कुशाबा सकाळीच वाडीत शिरला. माईंच्या ओट्यावर ट्रंक आणि बांधलेली वळकटी पाहून तो जागीच थांबला. म्हणजे डाग आला?

त्यानं मान वर केली. भिंत शिंपल्यासारखी पांढरीशुभ्र होती.

आणि माडीच्या खिडकीतून निम्म्या बाहेर वाकलेल्या दुर्गाबाई, पट्टीच्या खाली हात लांबवून, तांब्यातलं चुलीच्या काजळीचं पाणी भिंतीवर बेताबेतानं ओतत होत्या.