उस्तेद

स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात आणि 'तुम्ही'ला 'उस्तेद'. पण हे 'उस्तेद' कुठे परक्या माणसाला म्हणतात, कुठे लाडाने पोटच्या पोराला, तर कुठे राग आला म्हणून. विद्यापीठात स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंची सगळी हयात या एका शब्दाच्या अर्थछटा शोधण्यात गेली होती. आज त्यावरच त्यांचं व्याख्यान होतं, तेही परदेशी पाहुण्यांसमोर.

व्याख्यानाआधी चहा चालला होता, तेवढ्यात दारात दादा दिसला. बाईंचा सख्खा थोरला भाऊ. पेशाने रंगारी. बहिणीचं घर स्वतःच्या हाताने रंगवायचं म्हणून तिच्याकडेच मुक्कामाला आला होता. ती चष्मा घरी विसरल्याचं पाहून हातातला ब्रश टाकून तसाच धावत आला होता. शर्टावर, अगदी भुवयांवरसुद्धा रंगाचे शिंतोडे होते.

"हे कोण?" विभागप्रमुखांनी विचारलं.

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "हे... आमच्याकडे रंगकामाला आलेत," त्या घाईघाईने म्हणाल्या.

दादाने ते ऐकलं. त्याने रुमालाने चष्मा पुसला आणि बाईंच्या हातात दिला. शरमेने बाईंची मान वर होईना. 'अहो, हा माझा भाऊ' एवढंच म्हणायचं होतं, पण त्यांनी नुसताच चष्मा डोळ्यांवर चढवला.

 

"येतो मी, मॅडम," दादा हसून म्हणाला. "उरलेली भिंत उरकून आजच निघतो. किल्ली शेजारी देऊन ठेवतो, तुम्ही सावकाश या."