ओवलेली सुई

भांडण झाल्यावर ताई आपलं शिवणकाम घेऊन दुसऱ्या गावी गेली. त्याला तीन वर्षं झाली. दोघी बहिणींचं बोलणं बंद ते बंदच.

पण धाकटी दुपारी जेवून दुकानात परतली, की अर्धवट ठेवलेल्या शर्टाला काजं केलेली असायची. ताईच्याच हातची, शेवटी दुहेरी गाठ मारलेली. काजांचा धाकटीला पहिल्यापासून कंटाळा.

शेवटी मशीनवर बसल्या बसल्या तिनं फोन लावला. "ताई, तू इथे येऊन जातेस का गं?"

"मी कुठली येतेय! तूच येतेस की. मला सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून रोज दोरा ओवून ठेवतेस."

धाकटी तिकडे कधी फिरकलीच नव्हती.

"वेडाबाई," ताई म्हणाली, "आता दारात उभी राहून फोन कशाला करतेस? ये ना आत."